बंगळुरूचं संगीत संग्रहालय : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचा बेत

गाणी मनापासून आवडतात, पण रागाचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. सतार आणि तंबोरा शेजारी ठेवले तर कोणतं कुठलं हे ओळखायला जरा वेळ लागतो. तुमचं असं असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

बंगळुरूच्या जेपी नगरमधलं ‘इंडियन म्युझिक एक्स्पीरियन्स’ हे संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झालं. ब्रिगेड या बांधकाम समूहाच्या पाठबळावर ते उभं राहिलं आणि एक विश्वस्त संस्था ते चालवते. शास्त्रीय, लोकसंगीत, सिनेसंगीत, इंडिपॉप, रॉक, स्वातंत्र्यलढ्यातली गाणी असं सगळं तिथे एका छताखाली आहे. नऊ दालनं, शंभरावर वाद्यं आणि बाहेर हात लावून वाजवायची एक बाग. महाराष्ट्रातून एका शनिवार-रविवारात हे नीट होतं.

मात्र एक गोष्ट आधीच ठरवून जा. नुसतं बघायचं म्हटलं तर दीड-दोन तासांत सगळं उरकून तुम्ही बाहेर याल आणि आठवड्याभरात विसराल. ऐकायचं म्हटलं तर दिवस पुरत नाही. पुढचा सगळा बेत ऐकण्याच्या हिशेबाने आखला आहे, म्हणून त्यात काही दालनांना तासभर आहे आणि काहींना जेमतेम दहा मिनिटं.

तारीख आणि तिकीट

संग्रहालय सोमवारी बंद असतं. त्यामुळे ‘रविवारी शहर फिरू, सोमवारी संग्रहालय’ असा बेत करू नका. शनिवार सकाळ सर्वांत सोयीची, कारण काही राहून गेलं तर रविवार हाताशी असतो. दर आणि वेळा निघण्याच्या आठवड्यात त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. तिथेच कार्यक्रमांचंही पान असतं. तुमच्या तारखेला एखादी मैफल किंवा कार्यशाळा असेल तर तिच्याभोवतीच दिवस आखा.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास लालबागेत पुष्पप्रदर्शन भरतं. फुलांसाठी जाणार असाल तर उत्तमच, नाहीतर ते दिवस टाळा. त्या काळात दक्षिण बंगळुरूतली वाहतूक आणि राहण्याची सोय, दोन्ही अवघड होतात.

जायचं कसं

सांगली, मिरज, कोल्हापूरकडच्यांना राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सर्वांत सोयीची. शुक्रवारी दुपारनंतर मिरजेत बसायचं आणि शनिवारी सकाळी बंगळुरूत उतरायचं. शक्य असेल तर खिडकीची जागा घ्या. बेळगावच्या अलीकडे सुळेभावी लागतं, ते कुमार गंधर्वांचं जन्मगाव. पुढे धारवाड, मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांचं. मग हुबळी, जिथून कुंदगोळ जवळ आहे. गदगचे भीमसेन जोशी सवाई गंधर्वांकडे शिकायला राहिले ते तिथे. मराठी माणूस ज्यांना आपले गवई म्हणतो त्यांच्यातले कितीतरी जण या रुळांच्या आजूबाजूचे आहेत. संग्रहालयात त्यांची नावं भेटतील तेव्हा गावंही डोळ्यांसमोर येतील.

मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस आहे. ती मुंबईहून सकाळी सुटते, पुण्याला दुपारच्या सुमारास येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरूला पोचते. म्हणजे शुक्रवारची रजा गेलीच. रजा नसेल तर शुक्रवारी संध्याकाळची पुणे-बंगळुरू बस घ्या. परतीसाठी दोन्ही गाड्या रविवारी रात्रीच्या आहेत. आरक्षण महिना-दीड महिना आधी करून टाका, जोडून सुट्टी आली असेल तर त्याहून आधी.

बंगळुरू स्टेशनाला लागूनच मॅजेस्टिकचं मेट्रो स्थानक आहे. तिथून हिरव्या मार्गाने सिल्क इन्स्टिट्यूटच्या दिशेची गाडी धरा आणि जेपी नगरला उतरा. पुढे काही किलोमीटर रिक्षा. रिक्षावाल्याला संग्रहालयाचं इंग्रजी नाव सांगून उपयोग होईलच असं नाही. ‘जेपी नगर सेव्हन्थ फेज, ब्रिगेड मिलेनियम’ म्हणा. मीटरवरून वाद नको असेल तर ‘नम्मा यात्री’ हे अॅप मोबाइलवर आधीच घेऊन ठेवा.

मुक्काम जयनगर, बसवनगुडी किंवा जेपी नगर याच बाजूला करा. ओळखीचे लोक व्हाइटफील्डला राहतात म्हणून तिकडे उतरलात तर शनिवारची अर्धी सकाळ रस्त्यावर जाईल.

आदल्या रात्रीची तयारी

गाडीत अर्धा तास काढा आणि यूट्यूबवर दोन जुन्या रेकॉर्ड ऐका. एक गौहरजान या गायिकेची कोणतीही सुरुवातीची, दुसरी ख्यालगायक अब्दुल करीम खाँ यांची १९३० च्या दशकातली. आवाजातल्या खरखरीने कंटाळू नका. ऐकताना फक्त दोन गोष्टी टिपा : रेकॉर्ड किती मिनिटांची आहे, आणि गायक आवाज किती जोरात लावतोय. उद्या संग्रहालयात या दोन्हींचं उत्तर मिळेल, आणि ते सापडण्यात जो आनंद आहे तो फलक वाचून मिळत नाही.

सकाळी आधी बाग

नाश्ता पोटभर करून निघा. लालबाग रस्त्यावरचं एमटीआर १९२४ पासूनचं, गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ पासूनचं. दोन्हीकडे शनिवारी रांग असते, म्हणून लवकर जा.

संग्रहालयात पोचल्यावर बहुतेक लोक थेट आत शिरतात आणि बाहेरची स्वरबाग शेवटी, दमल्यावर बघतात. तुम्ही उलटं करा. सकाळी ऊन कमी असतं, शाळांच्या सहली किंवा कुटुंबांची गर्दी अजून आलेली नसते, आणि ही वाद्यं शांततेतच कळतात. ऑरोव्हिलच्या ‘स्वरम्’ या संस्थेने ती घडवली आहेत. दगडाच्या, धातूच्या पट्ट्या आणि नळ्या आहेत. वाजवायला काही शिकावं लागत नाही.

यातल्या गुणगुणणाऱ्या दगडापाशी मात्र घाई करू नका. दगडात डोकं आत घालण्याएवढी पोकळी कोरलेली आहे. डोकं आत घाला, ओठ मिटा, आणि खालच्या स्वरात ‘म्‌ऽऽ’ असा नाद धरा. मग तोच नाद हळूहळू वर न्या. एका विशिष्ट स्वराला दगड एकदम बोलू लागतो. आवाज तिप्पट झाल्यासारखा वाटतो आणि कंप छातीपर्यंत उतरतो. थोडं वर किंवा खाली सरकलात की पुन्हा साधा आवाज. पोकळीच्या आकाराप्रमाणे तिचा स्वतःचा एक स्वर असतो, आणि तुमचा स्वर त्याच्याशी जुळला की तो घुमतो. तंबोऱ्याचा भोपळा, वीणेचं पोट, मृदंगाचं खोड या सगळ्यांत ही घुमच कामाला लागलेली असते. ती एकदा स्वतःच्या डोक्यात अनुभवली की वाद्यांचं दालन वेगळं दिसतं.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना इथे मनसोक्त वेळ द्या. आतल्या दालनांत ती मग शांत राहतात.

वाद्यांच्या दालनात जोड्या लावा

शंभर वाद्यांची नावं वाचत गेलात तर दहाव्या वाद्यानंतर काही शिरत नाही. त्यापेक्षा उत्तर आणि दक्षिणेच्या जोड्या शोधा. नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : तंतुवाद्यं म्हणजे तत, फुंकून वाजणारी सुषिर, कातडं मढवलेली अवनद्ध आणि टाळ-झांजांसारखी घन. प्रत्येक वर्गातली एक जोडी पुरे.

पहिली जोडी तंबोऱ्याची. आपल्याकडच्या मिरजेच्या तंबोऱ्याचं पोट म्हणजे वाळवलेला खरा भोपळा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो. दक्षिणेचा तंबुरा मात्र फणसाच्या लाकडाचा, कोरून पोकळ केलेला. आता तारा जिथे टेकतात ती घोडी जवळून बघा. तिचा माथा धारदार नसतो, किंचित उताराचा आणि सपाट असतो. तार थरथरताना त्या सपाटीला पुन्हा पुन्हा चाटून जाते, आणि त्यातून एका स्वराच्या पोटातले वरचे स्वर मोकळे होतात. घोडीवर तारेखाली एक सुताचा धागा सरकवलेला दिसेल. तो केसभर पुढेमागे करून कारागीर तार ‘बोलती’ करतात. यालाच जवारी म्हणतात. घोडीचा माथा कानसेने घासून जवारी काढायला अनेक वर्षांचा कान लागतो, आणि वाद्य वापरात झिजलं की ती पुन्हा काढावी लागते.

पखवाज आणि मृदंगम् शेजारी बघितले की असंच नातं सापडतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी कणीक लावतात, मृदंगम्‌ला रव्याचा लेप. उजव्या बाजूला दोन्हींकडे काळी शाई. शाईमुळे कातड्यातून निश्चित स्वर निघतो, म्हणून ही वाद्यं नुसता ताल देत नाहीत, गायकाच्या षड्जाशी, म्हणजे ‘सा’शी जुळवता येतात. वारकरी कीर्तनात पखवाज ऐकलेल्या माणसाला मृदंगम् परका वाटणार नाही.

फुंकवाद्यांत शहनाई आणि नागस्वरम्. नागस्वरम् कितीतरी लांब आणि आवाजाला दणदणीत, कारण ते देवळाच्या अंगणात, मिरवणुकीत वाजायचं वाद्य. बिस्मिल्ला खाँ यांची शहनाईही या संग्रहालयात आहे. तिच्यापाशी थांबाल तेव्हा ही जोडी डोक्यात असू द्या.

सर्वांत जास्त वेळ ध्वनिमुद्रणाच्या दालनाला

ग्रामोफोन, रेडिओ, कॅसेट अशी यंत्रं दिसली की लोक ‘आमच्या घरी होता असा’ म्हणत फोटो काढतात आणि पुढे जातात. माझ्या मते हेच संग्रहालयाचं काळीज आहे. आज ज्याला आपण लोकप्रिय संगीत म्हणतो ते घडवण्यात गायकांइतकाच या यंत्रांचा हात आहे.

काल रात्रीचे दोन प्रश्न आठवा. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गायस्बर्ग या तंत्रज्ञाने गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड करून गायचं, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ कोरली जायची. म्हणून आवाज एवढा चढा. मूळ तबक जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि रेकॉर्ड तिथे छापल्या जायच्या. तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळावं म्हणून गौहरजान शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगत. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये.

आणि लांबी? मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच मावायचं. ज्या ख्यालाला मैफलीत तास लागे तो गवयाला तेवढ्यात बसवावा लागला. काहींनी नकार दिला. ज्यांनी जमवलं त्यांनी एक नवी कला शोधली : पहिल्या आलापातच रागाचा चेहरा दाखवायचा आणि एकही जागा वाया घालवायची नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या रेकॉर्ड आजही अंगावर येतात त्या यामुळेच. बालगंधर्वांची नाट्यपदं थिएटरात ‘वन्स मोअर’ घेत रंगायची, रेकॉर्डवर ती आटोपशीर झाली आणि ज्या गावात नाटक कंपनी कधी गेली नाही तिथेही पोचली. मराठी भावगीत तर रेकॉर्डच्या मापातच वाढलं. पुढे तबकडी गेली, तरी गाणं तीन-चार मिनिटांचं असतं ही सवय सगळ्यांच्या अंगी बसली.

मायक्रोफोन आल्यावर दुसरा बदल झाला. हळू, जवळून, कानात सांगितल्यासारखं गाता येऊ लागलं. त्याआधी तसा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचलाच नसता. आणि १९८० च्या दशकात कॅसेट आली तेव्हा गाणं काढायला मोठ्या कंपनीची गरज उरली नाही. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली भक्तिगीतं आणि गावोगावच्या गायकांची भीमगीतं याच कॅसेटवरून एसटी स्टँड, चहाच्या टपऱ्या आणि वस्त्यांपर्यंत गेली. या दालनात कॅसेटपाशी उभे राहाल तेव्हा हे आठवावं असं मला फार वाटतं.

इथे निदान तासभर द्या. हेडफोन लावून एखादं जुनं मुद्रण आणि एखादं नवं पाठोपाठ ऐका. गाणं आवडलं की नाही ते बाजूला ठेवा आणि गायक माइकपासून किती दूर आहे, वाद्यं किती आहेत, याचा अंदाज करा.

सिनेमा, लढा आणि बाकीचं

सिनेसंगीताच्या दालनात गर्दी असणारच. तारखा ध्यानात ठेवायच्या त्या एवढ्याच : १९३१ मध्ये हिंदीतला पहिला बोलपट, १९३२ मध्ये मराठीतला, आणि १९३५ च्या सुमारास पार्श्वगायन. त्याआधी नट स्वतः गात आणि वादक कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर दडून वाजवत. गाणी ऐकताना व्हायोलिनच्या झुंडी आणि ट्रम्पेटकडे मुद्दाम कान द्या. त्यामागे गोव्याची माणसं आहेत. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले गोवेकर वादक मुंबईला आले आणि त्यांनी हिंदी गाण्यांचे वाद्यमेळ बांधले. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट, आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस. पडद्यावर त्यांची नावं क्वचितच आली. पूर्व-पश्चिमेच्या मिसळीचं दालन याला जोडूनच बघा, दोन्हींचा विषय एकमेकांत गुंतलेला आहे.

संघर्षगीतांच्या दालनाला वीस मिनिटं तरी हवीत. जाण्याआधी विष्णु दिगंबर पलुस्करांबद्दल एवढं माहीत असू द्या : जन्म कुरुंदवाडचा, शिक्षण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय, आणि काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम्. १९२३ मध्ये काकीनाड्याला अध्यक्षांनी हरकत घेतली, तरी त्यांनी ते पूर्ण गायलं. लढ्याच्या गाण्यांचा धागा आपल्याकडे पुढे अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख यांच्यापर्यंत जातो.

लोकसंगीताच्या दालनात आपला प्रांत शोधत फिरू नका. ज्या राज्याचं गाणं कधीच कानावर पडलं नाही त्याचं एक शोधा आणि पूर्ण ऐका. शंभर दिग्गजांचं दालन मात्र भरभर बघितलं तरी चालेल. तिथली माणसं घरी बसूनही ऐकता येतात.

दुपारी एक मोठा खंड घ्या. कान थकतात, आणि ते डोळ्यांसारखं लगेच कळत नाही. हेडफोनचा आवाज आपण नकळत वाढवू लागलो की समजायचं, आता बाहेर जायला हवं. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर त्यांना सकाळी बाग आणि वाद्यं, दुपारनंतर सिनेसंगीत असं वाटून द्या. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र फिरण्याचा आग्रह नको.

रविवार

सकाळी लालबाग, मग हिरव्या मार्गानेच उत्तरेला संपिगे रोड आणि तिथून रिक्षाने मल्लेश्वरमचं चौडय्या स्मारक सभागृह. इमारतीचा आकार व्हायोलिनचा आहे, तारा आणि गजासकट. आत जायला मिळतं ते कार्यक्रम असेल तेव्हाच, पण बाहेरून बघण्यासाठीही जायला हवं. टी. चौडय्या सात तारांचं व्हायोलिन वाजवत. ध्वनिवर्धकाशिवाय मोठ्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत आवाज जावा म्हणून त्यांनी तारा वाढवल्या. कालच्या कर्ण्याचा आणि मायक्रोफोनचा विषय इथे वेगळ्या उत्तरासह पुन्हा भेटतो.

संध्याकाळी बसवनगुडीच्या गायन समाजात मैफल आहे का तेही बघून ठेवा. १९०५ पासूनची ही संस्था आहे. मार्च-एप्रिलमध्ये जाणार असाल तर चामराजपेठेतल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीचा संगीतोत्सव चालू असेल. कर्नाटक संगीत कधी ऐकलं नसेल तरी तासभर बसा. रसिक मांडीवर हाताने ताल धरताना दिसतील, त्यांच्या हाताकडे बघत राहिलात की आवर्तन आपोआप कळू लागतं.

परतताना मिरज

राणी चन्नम्माने परतत असाल तर सोमवारी दुपारी मिरजेत उतराल. स्टेशनावरून थेट घरी न जाता सतारमेकर गल्लीत जा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे वाद्यं घडवायला सुरुवात केली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानांतून टांगलेले भोपळे, अर्धवट तासलेलं तुणीचं लाकूड, घोडीवर चाललेली कानस हे सगळं समोर दिसतं. आधी विचारा, मग फोटो काढा. काम चालू असेल तर बाजूला उभं राहा. आणि घेण्याचा विचार नसेल तर तसं आधीच सांगा. मग ‘जवारी बंद आणि खुली यात काय फरक?’ एवढंच विचारा. वेळ असेल तर कारागीर दोन्ही प्रकारचे तंबोरे छेडून ऐकवतात.